तिसरा आग्रह

फेब्रुवारी सरत आला होता आणि बर्फाला म्हातारपण आले होते. रस्त्याच्या कडेला लोटलेल्या राशी काळवंडल्या होत्या, शेतांमधून मागच्या हंगामाची मक्याची खुंटे वर डोकावू लागली होती, आणि या सगळ्यावर धुके असे ठाण मांडून बसले होते की धान्य सोसायटीचे उंच मनोरे मध्येच तुटल्यासारखे दिसत. त्या सकाळी नॉर्डाल गावात जाग होती ती एकाच ठिकाणी, मनोऱ्यांच्या पायथ्याशी असलेल्या मर्नाच्या कॉफीच्या दुकानात.

ऑरिन टेबलाच्या टोकाला बसला होता. पहाटेपासून त्याच्या तोंडात एक वाक्य होते. गाडीत त्याने ते मोठ्याने म्हणूनही पाहिले होते : 'काका, आम्ही गाव सोडतोय.' एवढेच. पण शेजारच्या रिकाम्या आसनाला ते सांगणे वेगळे आणि व्हर्लिनकाकांना सांगणे वेगळे. आईवडील गेल्यावर याच माणसाने त्याला वाढवले होते. आपल्यामागे शेत ऑरिनचेच, हे काकांनी कधी बोलून दाखवले नव्हते. सूर्य उद्या उगवेल हे कोणी बोलून दाखवते का? पण त्याच्या बायकोला, सिग्नेला, मिनीॲपोलिसच्या मोठ्या रुग्णालयात सोमवारी परिचारिका म्हणून रुजू व्हायचे होते. तालुक्याच्या दवाखान्यातला बाळंतपणाचा विभाग बंद पडला तेव्हापासून ती घरीच होती, आणि घरी राहून तिचे हसणे कमी होत गेले होते. आज सांगतो, असा शब्द त्याने तिला दिला होता.

कपाटावरच्या रेडिओतून एक उत्साही बाई सकाळपासून एकच प्रश्न विचारत होती : आयोवात राहणे तुम्हाला कसे वाटते? फोन करा, मनमोकळे बोला.

"फोन करायचा म्हणजे बोलायला काहीतरी पाहिजे," गेलन म्हणाला आणि चामड्याच्या पेल्यात फासे खुळखुळवू लागला. ज्याचे फासे हलके पडतील त्याने सगळ्यांच्या कॉफीचे पैसे द्यायचे, असा या टेबलाचा जुना नियम होता. गेलन काकांचा शेजारी. त्याच्या डुकरांच्या लांबलचक शेड गावाच्या दक्षिणेला होत्या.

"तू वासाबद्दल बोल ना," मर्ना कॉफी ओतत म्हणाली. "दक्षिणेचा वारा सुटला की माझ्या सफरचंदाच्या केकलासुद्धा तुझ्या डुकरांचा वास लागतो."

"तो पैशाचा वास आहे, मर्ना."

"असेल. माझ्यापर्यंत नुसता वासच पोचतो."

टेबल हसले. गेलनही हसला, पण मग त्याने पेला खाली ठेवला. "चेष्टा सोडा. मला विचाराल तर याच्यापेक्षा चांगली जागा नाही. घराला कुलूप लावल्याचं मला आठवत नाही. किल्ली कुठंय तेही ठाऊक नाही. गाडी बर्फात घसरली तर पहिला येणारा माणूस दोर घेऊनच खाली उतरतो, नावसुद्धा विचारत नाही."

"विचारायचं कशाला?" मर्ना म्हणाली. "ठाऊक असतं की! नाव ठाऊक, गाव ठाऊक, काल दुकानातून काय नेलंस ते ठाऊक, पोरगी कुणाच्या गाडीत बसली ते ठाऊक. माझी तिन्ही पोरं का गेली असं वाटतं तुला?"

"थंडीला कंटाळून. फिनिक्सला गेली ना?"

"तिथं त्यांना कुणी ओळखत नाही म्हणून गेली. धाकटी फोनवर म्हणते, आई, दुकानात जाते, दूध घेते, घरी येते, कुणी काही विचारत नाही. काय सुख आहे गं त्यात!" मर्नाने किटली टेबलावर जरा जोरातच ठेवली. "आणि इकडे मी तुम्हा म्हाताऱ्यांना दूध विचारत बसलेय."

"मला आवडतं इथं," एस्तेबान मध्येच म्हणाला. तो गेलनच्या शेडमध्ये कामाला होता. ग्वाटेमालाहून आला त्याला आता बरीच वर्षे लोटली होती. "तिकडे संध्याकाळी दार वाजलं की आई दिवा विझवायची. इथं दार वाजलं की मी घाबरत नाही. उन्हाळ्यात तर हमखास कुणीतरी जास्तीच्या काकड्या घेऊन उभा असतो."

"मग दार उघडू नकोस लेका! त्याहून भयंकर काही नाही," गेलन म्हणाला.

"पण पोरांना मी विहिरीचं पाणी देत नाही," एस्तेबान म्हणाला. ते त्याने त्याच सुरात, हसतहसतच म्हटले होते.

गेलन कपात चमचा फिरवू लागला. विहिरी सगळ्यांच्याच होत्या, आणि त्यांच्यात झिरपणारे खतही सगळ्यांच्याच शेतांतले. उकळूनही न जाणारी ती गोष्ट सगळ्यांना माहीत होती, म्हणूनच ती कधी टेबलावर येत नसे. रेडिओवरची बाई कोणाचे तरी आभार मानत राहिली. काचेबाहेर धुके आणखी एक पाऊल पुढे आल्यासारखे वाटले.

मग मर्ना दालचिनीच्या रोलचे ताट घेऊन व्हर्लिनकाकांसमोर उभी राहिली. "घ्या."

"छे, नको. घरून खाऊन निघालोय."

"गरम आहे हो."

"नको नको, दुसऱ्या कुणाला तरी होईल."

"व्हर्लिन, उरला तर मला फेकावा लागेल."

"बरं, फेकण्यापेक्षा…" म्हणत काकांनी रोल घेतला. दोनदा नको म्हणायचे आणि तिसऱ्यांदा घ्यायचे. इथल्या माणसांच्या हाडात ही रीत अशी मुरली होती की तिला कोणी रीत म्हणत नसे. एस्तेबानने गावात आल्यावर पहिल्यांदा विचारताक्षणीच रोल उचलला होता, तर त्याची चर्चा पुढचा उन्हाळा उजाडेपर्यंत चालली होती.

"तुझं काय मत, व्हर्लिन?" गेलनने विचारले. "फोन करून सांगायचं झालं तर?"

काकांनी रोलचा तुकडा सावकाश चावला. त्यांचा चेहरा नांगरलेल्या वावरासारखा होता. त्यावर ऊन पडले काय आणि सावली पडली काय, रेघा तिथल्या तिथेच. "याहून वाईट असू शकलं असतं," ते म्हणाले.

"झालं! कळवा रेडिओला. आणि तुझं रे, ऑरिन? आता राहणारा तरुण म्हणजे तूच एक."

सगळी तोंडे त्याच्याकडे वळली. ऑरिनच्या तोंडात ते वाक्य होते, अगदी दातांमागे.

"बरं आहे," तो म्हणाला.

"'बरं आहे'! ऐका. पुतण्या कुणाचा, सांगायला नको."

काका उठले. डोक्यावर टोपी चढवत म्हणाले, "चला. कोठीतला मका काढायचाय. हे धुकं असंच राहिलं तर आतून तापेल."

गेलेल्या शरदात पावसाने पाठ सोडली नव्हती आणि सगळ्यांनीच मका ओलसर भरला होता. आता कोठ्यांमधून आंबूस वास येऊ लागला होता.

"वर थर धरला असेल," गेलन म्हणाला.

"धरलाय थोडा."

"एकटा आत उतरू नकोस बरं."

"छे छे."

गेलन मान हलवून पुन्हा फाशांकडे वळला. त्या 'छे छे'चा अर्थ त्याला ठाऊक होता. त्याचेही 'छे छे' असेच असे. मागच्या हिवाळ्यात पलीकडच्या तालुक्यात बापलेक गेले होते. बाप कोठीत रुतला आणि त्याला काढायला लेक उतरला. दोन शवपेट्यांच्या मागून चालताना हेच सगळे लोक म्हणाले होते की असे एकट्याने उतरू नये. आणि मग आपापल्या घरी जाऊन एकटेच उतरले होते.

ऑरिन काकांच्या गाडीमागून त्यांच्या अंगणात पोचला, तेव्हा काका ट्रक कोठीच्या नळीखाली लावत होते. पत्र्याची ती गोल कोठी धुक्यात प्रत्यक्षाहून मोठी वाटत होती. तिचे छत दिसतच नव्हते, केवळ छताकडे जाणारी शिडी तेवढी वर वर जाऊन नाहीशी होत होती. वास आता स्पष्ट आला : आंबट, गोडसर, तळघरात विसरलेल्या फळांसारखा.

"आलास का?" काका म्हणाले. का आलास, असे त्यांनी विचारले नाही.

"सहजच. म्हटलं बघावं."

"हं."

त्यांनी बटण दाबले. कोठीच्या तळाशी असलेले, मका बाहेर ओढणारे लांब मळसूत्र कुरकुरले आणि फिरू लागले, नळीतून मका खळखळत ट्रकमध्ये पडू लागला. थोडा वेळच. मग धार बारीक झाली आणि थांबली. आत वरचा थर दगडासारखा धरला होता. खालचा मका निघून गेला होता आणि वरचा, अधांतरी, तसाच तटून राहिला होता. काकांनी भिंतीला टेकवलेली लांब सळई उचलली. ती वरून खुपसून थर फोडायचा. सळई पुरली नाही तर आत उतरायचे. मळसूत्र बंद करून उतरावे, हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण बंद केले तर थर फुटला की नाही हे कळत नाही, आणि पुन्हा खाली येऊन, पुन्हा चालू करून, पुन्हा वर चढायचे तर गुडघ्यांनी साथ द्यायला हवी.

ऑरिन काकांच्या गुडघ्यांकडे पाहत होता. हीच वेळ, त्याला वाटले. आता सांगावे. किंवा थांबावे, काम आटोपावे, आणि मग स्वयंपाकघरात बसून सांगावे. पण थांबलो तर दोर धरून तासन्‌तास या माणसाच्या पाठीकडे पाहावे लागेल, आणि ते वाक्य तेवढा वेळ दातांमागे धरवणार नाही.

"मी थांबू का? दोर धरतो," तो म्हणाला.

"छे, कशाला? तुझी कामं असतील."

"तशी काही नाहीत. थांबतो की."

"नको रे. जा तू. सिग्ने वाट बघत असेल."

मग काका हातमोजे घालू लागले. एक बोट, मग दुसरे. मोजा घालायला लागतो त्याहून कितीतरी अधिक वेळ त्यांनी लावला. नजर त्यांनी ऑरिनवरून काढून दूर, धुक्यात जिथे शेत असायला हवे होते तिकडे नेली होती. आपल्याकडे न पाहता ते आपल्याला जागा करून देत आहेत, हे ऑरिनला पुरते कळत होते. त्या जागेत एकच वाक्य मावत होते आणि ते कोणते हेही त्याला कळत होते.

"बरं," तो म्हणाला. "निघतो मग."

काकांची मान किंचित हलली. "हळू चालव. रस्ता दिसत नाहीये."

घरी सिग्ने बैठकीच्या खोलीत, खोक्यांच्या मधोमध जमिनीवर बसली होती. वर्तमानपत्राच्या कागदात ती ताटे गुंडाळत होती. तिने वर पाहिले आणि त्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखले.

"नाही सांगितलंस."

"ते कामात होते. मका काढतायत."

"आज? असल्या हवेत?" तिचे हात चालूच होते. "सोबत कोण आहे?"

"मी विचारलं होतं, थांबू का म्हणून. नको म्हणाले."

"किती वेळा विचारलंस?"

ऑरिनने अंगातला कोट अजून काढला नव्हता. तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

"ऑरिन, किती वेळा?"

"दोनदा."

सिग्नेने हातातले ताट खाली ठेवले. ती याच मातीत वाढली होती; तिला आणखी काही सांगावे लागले नाही. गाडीची किल्ली तिने त्याच्या हातातून घेतली आणि ती धावतच बाहेर पडली.

तो शेजारी बसला आणि सिग्नेने गाडी काकांच्या शेताकडे वळवली. धुक्यातून एकेक खांब पुढे येत होता आणि मागे पडत होता. ऑरिन स्वतःला समजावत होता की काका सावध माणूस आहेत, सळई पुरली असेल, आता ते ट्रकच्या पायरीवर बसून थरमासमधली कॉफी पीत असतील. अंगणात गाडी वळली आणि मोटारीचा आवाज ऐकू आला. मग त्याला ट्रक दिसला.

ट्रक भरून वाहत होता. नळीतून मका अखंड पडत होता, ट्रकच्या कडांवरून दोन्ही बाजूंनी ओसंडत होता, आणि चाकांभोवती, घाणेरड्या बर्फावर, त्याचा पिवळा ढीग गुडघाभर उंच झाला होता. सोसायटीच्या काट्यावर सांडलेले चार दाणेही वाकून उचलणारा माणूस म्हणजे काका.  ऑरिनने धावत जाऊन बटण बंद केले आणि जी शांतता पसरली ती त्या आवाजाहून वाईट होती.

"काका!"

शिडीचे गज बर्फाळ होते. वर जाताना खालची जमीन दिसेनाशी झाली. त्याने झडपेतून डोके आत घातले. आत धुळीचा पिवळट अंधार होता. मक्याचा पृष्ठभाग एखाद्या नरसाळ्यासारखा मधोमध खचला होता, कडेला फुटलेल्या थराचे कडे काळ्या बुरशीने माखलेले, आणि नरसाळ्याच्या तळाशी काकांचे डोके होते. डोके, एक खांदा, आणि वर उचललेला एक हात. बाकीचे सगळे मक्यात.

हात हलला.

ऑरिनने एक पाय आत टाकला.

"ऑरिन!" खालून सिग्नेचा आवाज आला, आणि तो आवाज त्याने यापूर्वी कधी ऐकला नव्हता, प्रसूतीच्या खोलीत ती या आवाजात बोलत असणार. "आत उतरायचं नाही. ऐकतोयस? तू उतरलास तर वरचा मका त्यांच्या तोंडावर जाईल. फक्त बोलत राहा त्यांच्याशी. मी बोलावते सगळ्यांना."

तो पाय त्याने बाहेर काढला. आयुष्यात त्याला इतके जड काही उचलावे लागले नव्हते.

गावाकडचा भोंगा धुक्यातून आला तेव्हा कुत्र्याच्या रडण्यासारखा वाटला. आणि मग, तो थांबण्याआधीच, गाड्या येऊ लागल्या. गावाचे अग्निशमन दल म्हणजे वेगळे कोण? गेलन पायात चपला घालूनच आला होता. एस्तेबानने दोर, पट्टे आणि पत्र्याच्या लांब फळ्या आणल्या. आणखी चारदोन शेजारी आले. कोणी काय करायचे हे कोणाला विचारावे लागले नाही. सर्वांत हलका म्हणून ऑरिनच्या कमरेला पट्टा बांधून त्याला आत सोडले. त्याने रुंद लाकडी फळीवर पालथे पडून काकांपर्यंत सरकायचे आणि पत्र्याच्या फळ्या एकीत एक अडकवून त्यांच्याभोवती कडे करायचे, विहिरीला करतात तसे. वरून एस्तेबान फळ्या देत होता, दोर ताणून धरत होता.

"ओढू नका त्यांना," सिग्ने शिडीवरून सांगत होती. "हाताला धरून ओढलंत तर कंबर तुटेल. आधी मका कमी करा. काका, छोटे श्वास घ्या. पूर्ण सोडू नका."

कारण श्वास सोडला, की तेवढ्या जागेत मका सरकत होता. आणि पुढचा श्वास आधीच्याहून लहान मिळत होता.

ऑरिनचे तोंड काकांच्या तोंडाजवळ आले. काकांच्या पापण्यांवर धूळ साचली होती. ओठ निळसर पडले होते.

"गेलन… या वेळीही चपलेवरच आलाय का?" काका म्हणाले. एकेक शब्द दोन श्वासांच्या मध्ये ठेवत.

"हो."

"मूर्ख. सर्दी होईल त्याला."

ऑरिन हसला की रडला हे त्याला कळले नाही. तो डब्याने कड्याच्या आतला मका उपसत होता. डबाभर काढला की निम्मा परत आत येत होता. बाहेरून पत्रा कापण्याचा किंचाळणारा आवाज सुरू झाला. गेलन आणि बाकीचे कोठीला चारी बाजूंनी छेद देत होते, म्हणजे मका बाहेर वाहून पातळी खाली जाईल. काकांनी तो आवाज ऐकला आणि त्यांचे डोळे वळले. चाळीस वर्षे त्यांनी त्या पत्र्याला गंज चढू दिला नव्हता.

"सकाळी," ते म्हणाले. "काहीतरी सांगायला… आला होतास."

ऑरिनचा हात डब्यावरच थांबला.

काका त्याच्याकडे पाहत होते. या वेळी त्यांनी नजर वळवली नव्हती. वळवायला मानेला जागाच नव्हती. त्या डोळ्यांत विचारणा होती की सुटका, हे ऑरिनला पुढे कितीही विचार करून ठरवता आले नाही. बहुधा त्यांना सगळे माहीतच होते. मर्नाच्या दुकानात खोक्यांची गोष्ट पोचली नसेल असे थोडेच! कदाचित इथे, जिथून कोणीच उठून जाऊ शकत नव्हते, ती गोष्ट बोलून टाकणे दोघांनाही सोपे गेले असते.

"नाही काका," तो म्हणाला. "सहजच आलो होतो."

"बरं," काका म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

बऱ्याच वेळाने पातळी त्यांच्या कमरेखाली आली. एस्तेबानही उतरला, आणि दोघांनी मिळून त्यांना असे वर काढले जसे ओल्या जमिनीतून कंद काढतात, मूळ न तोडता. धुके तोवर जरा उचलले होते. हेलिकॉप्टर गेलनच्या शेतात उतरू शकले. काका जिवंत होते. पायांत संवेदना नव्हती. सिग्नेने बरोबर आलेल्या परिचारकांना भराभर काय ते सांगितले. त्यांच्या चेहऱ्यांवरून ऑरिनला कळले की काका पुन्हा शिडी चढणार नाहीत. हेलिकॉप्टर उडाले आणि पूर्वेकडे जाऊन दिसेनासे झाले. आत नातेवाइकांना जागा नव्हती.

"आपण लगेच निघू या मागून," सिग्ने म्हणाली. "पोचायला दोन तास तरी लागतील."

"हो," ऑरिन म्हणाला. तो निघणारच होता.

पण अंगणात अजून सगळे उभे होते. मर्नाही आली होती. गाडीची मागची फळी उघडून तिने हॅमचे सँडविच आणि कॉफी मांडली होती, आणि प्रत्येकाच्या हाताला न विचारता कप लावत होती. कोठी चारी बाजूंनी फाटून उभी होती. तिच्या छेदांमधून मका अजूनही मधूनमधून सुटत होता आणि बर्फावर सळसळत पसरत होता. वर्षभराची कमाई, उघड्यावर.

"गुरुवारी पाऊस सांगितलाय," गेलन म्हणाला. कोणीतरी त्याला बूट आणून दिले होते. "त्याच्या आत हे उचलायला हवं. माझ्या रिकाम्या कोठीत मावेल अर्धा. बाकी सोसायटीत. पण काळा मका वेगळा काढायचा की सरसकट न्यायचा?"

प्रश्न कोणाला होता हे त्याने सांगितले नाही. सगळे थांबले होते, हातात कप धरून, आणि ऑरिनकडे पाहत होते. त्या नजरांत दटावणी नव्हती, मागणी नव्हती. तो सांगेल तसे करायला ती माणसे तयार होती, एवढेच. त्याने सांगितले असते की ते तुम्हीच ठरवा, मी सोमवारी चाललोय, तर त्यांनी तेही ऐकून घेतले असते, मान हलवली असती, आणि काम केले असते. आणि त्यांच्यापैकी एकानेही मरेपर्यंत त्याला त्याबद्दल एक शब्द विचारला नसता. हेच त्याला सोसवेना.

"काळा वेगळा काढा," तो म्हणाला. "चांगला आधी गेलनकडे. गेलन, तुमच्या कोठीचा हवा खेळवणारा पंखा चालू आहे ना?"

"चालू करतो."

"आणि ट्रॅक्टर इकडून लावू नका, इथं खाली जुनी टाकी आहे. त्या बाजूने या."

"उद्या सकाळी किती वाजता येऊ?" एस्तेबानने विचारले.

"उजाडलं की या. मी असेन."

ते ऐकून माणसे हलली. फावडी निघाली, कोणीतरी ट्रक चालू केला. ऑरिन वळला तेव्हा सिग्ने त्याच्या मागेच, दोन पावलांवर उभी होती. तिच्या बाह्यांना, केसांना मक्याची पिवळी धूळ लागली होती.

"तू त्यांना आत सांगितलंस का?" तिने हळूच विचारले.

"नाही."

"सांगणार आहेस?"

 तिला काय हवे आहे ते त्याला माहीत होते. आज ज्या आवाजाने तिने त्याला कोठीच्या तोंडातून परत खेचले त्या आवाजाला विभाग बंद पडल्यापासून इथे रोजचे काम उरले नव्हते, हेही माहीत होते. आपल्यालाही तिच्याबरोबर जायचे होते. अजूनही होते. तो तोंड उघडणार तोच ढिगामागून गेलनची हाक आली.

"ऑरिन! हा खालचा छेद आधी झाकायचा का रे? नाहीतर सगळंच बाहेर येईल!"

"झाका!" ऑरिन ओरडून म्हणाला. "गोठ्यात ताडपत्री आहे, डाव्या हाताला!"

तो परत वळला, तोवर सिग्ने गाडीकडे चालू लागली होती.

"मी रुग्णालयात जाते," तिने मान न वळवता सांगितले. "तिथे कुणीतरी असायला हवं. तू इथलं आवर."

"मी संध्याकाळी येतो. सिग्ने? सोमवारचं आपण बोलू."

"माझं सोमवारचं ठरलंय, ऑरिन."

तिने गाडीचे दार लावले. आपटले नाही. गाडी सावकाश फाटकातून बाहेर पडली आणि पूर्वेच्या रस्त्याला लागली.

हे सगळ्यांनी पाहिले. मर्नाने पाहिले, एस्तेबानने पाहिले, ताडपत्री ओढत आलेल्या गेलननेही पाहिले. गेलन ऑरिनच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि आभाळाकडे पाहू लागला.

"वारा फिरतोय," तो म्हणाला. "बुधवारीच येईल असं वाटतं पाऊस."

"येईल," ऑरिन म्हणाला, आणि त्याने ताडपत्रीचे दुसरे टोक उचलले.